पिशवी फार झटकू नका
(डाळ मिलमधली धूळ-गाळणी हवेच्या ठोक्याने कशी साफ होते, आणि ती कशी सांभाळावी)



पिकवायचं आपण आणि भरडायचं दुसऱ्यानं, हा जुना रिवाज आता बदलत चालला आहे. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन डाळ मिल, हळद दळण्याचे कारखाने, पशुखाद्याचे कारखाने काढले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मिल आपली झाली म्हणजे मिलमधली धूळही आपलीच झाली. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

अशाच एका गटाच्या डाळ मिलमधून आमच्याकडे पत्र आले आहे. गावाचे नाव आम्ही देत नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा:

"आमच्या मिलला ३६ पिशव्यांची धूळ-गाळणी आहे. पिशव्या सदा स्वच्छ राहाव्यात म्हणून आम्ही हवेचे ठोके जास्तीत जास्त भरभर ठेवले. कॉम्प्रेसरचा दाबही वाढवला. तरी चिमणीतून धूळ येतेच, उलट पहिल्यापेक्षा जास्त येते. वर्षात दोनदा पिशव्या बदलल्या. अंगणात डाळ निवडणाऱ्या बायका खोकतात. कापड वाईट म्हणावे की यंत्र वाईट?"

या बंधूंना आमचे उत्तर असे, की कापडही वाईट नाही आणि यंत्रही वाईट नाही. तुमची गाळणी गरजेपेक्षा जास्त साफ होते आहे. हे ऐकून नवल वाटेल, पण खरे कारण तेच आहे. ते नीट समजण्यासाठी आधी ही गाळणी काम कशी करते ते पाहू.

धूळ कुठून येते, कुठे जाते

तूर किंवा हरभरा मिलमध्ये आला की आधी चाळला जातो. मग एमरीच्या रोलरवर घासून त्याचे टरफल सैल करतात, तेलपाणी देऊन वाळवतात, टरफल काढतात, डाळ फोडतात. या प्रत्येक ठिकाणी धूळ उडते. शेतातली माती असते, टरफलाचा भुगा असतो, आणि डाळीचे पीठही असते.

ही धूळ जिथे उठते तिथेच पंख्याच्या ओढीने पाइपात खेचून घेतात. वाटेत सायक्लोन असतो. त्यात हवा गरगर फिरते आणि जाडाभरडा कोंडा कडेला फेकला जाऊन खाली पडतो. बारीक धूळ मात्र हलकी असते. ती सायक्लोनला दाद देत नाही, हवेबरोबर पुढे निघून जाते. छातीत खोलवर जाऊन बसते ती हीच धूळ. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाच्या केसांना चुकवून आत शिरू शकतात. हे बारीक कण पकडण्यासाठी कापडी पिशव्यांची गाळणी लागते.

गाळणीच्या पेटीत काय असते

बाहेरून पाहिले तर पत्र्याची एक उंच पेटी दिसते. खाली नरसाळ्यासारखा हॉपर असतो. पेटीच्या वरच्या भागात एक आडवा जाड पत्रा असतो आणि त्याला ओळीने भोके असतात. प्रत्येक भोकातून एक लांब पिशवी खाली लोंबते. पिशवीचे तळाचे तोंड शिवून बंद केलेले असते, वरचे उघडे असते. पिशवी चिपकू नये म्हणून तिच्या आत तारांचा पिंजरा असतो.

धुळीची हवा पिशवीच्या बाहेरच्या अंगाला येते. कापडातून आत शिरते, पिशवीतून वर चढते आणि स्वच्छ होऊन चिमणीवाटे बाहेर पडते. धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहते. म्हणजे आपण चहा गाळतो त्याच्या उलट झाले. चहाची पत्ती गाळणीच्या आत राहते, इथे धूळ बाहेर राहते.

कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. पण ते सदऱ्याच्या कापडासारखे विणलेले नसते. सुया टोचून टोचून धागे एकमेकांत गुंतवलेले, घोंगडीसारखे किंवा नमद्यासारखे दाट कापड असते.

आता खरी मेख ऐका. नव्या कोऱ्या कापडाची भोके बारीक धुळीपेक्षा मोठी असतात. सुरुवातीला थोडी धूळ पार निघूनही जाते. मग कापडावर धुळीचा पातळ थर बसतो, आणि तो थरच पुढची धूळ अडवतो. गाळण्याचे काम मुख्यतः कापड करत नाही, कापडावरचा धुळीचा थर करतो. कापड हा त्या थराचा आधार आहे. विहिरीच्या तळाशी वाळूचा थर असतो आणि पाणी त्यातून गाळून येते, तसेच समजा.

तेव्हा पिशवी पूर्ण कोरी करणे हे आपले काम नव्हेच. थर फार जाड झाला की हवा अडते, पंख्याची ओढ कमी पडते आणि मिलमध्ये धूळ पसरते. थर अगदीच गेला की धूळ चिमणीतून बाहेर जाते. आपल्याला मधला मार्ग धरायचा आहे. वरचा जाड पापुद्रा पाडायचा आणि आतला पातळ थर राखायचा.

हवेचा ठोका म्हणजे काय

पूर्वी पिशव्या झटकायच्या तर पंखा बंद करून त्या हलवाव्या लागत. काही ठिकाणी त्यासाठी यंत्राचा दांडा असे, काही ठिकाणी माणूस. तेवढा वेळ गाळणी बंद राही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत हवेच्या ठोक्याची रीत निघाली. तिच्यात पंखा बंद करावा लागत नाही. गाळणी चालू असतानाच एकेक ओळ साफ होते.

याची जुळणी अशी असते. कॉम्प्रेसरमधून ५ ते ६ किलो दाबाची हवा गाळणीवरच्या एका नळकांडी टाकीत भरलेली असते. त्या टाकीपासून पिशव्यांच्या प्रत्येक ओळीवर एक नळी जाते. नळीला प्रत्येक पिशवीच्या तोंडावर नेमके एक भोक असते. टाकी आणि नळी यांच्यामध्ये डायफ्रॅमचा व्हॉल्व्ह असतो.

हा व्हॉल्व्ह मोठा युक्तीचा आहे. रबरी पडद्याच्या दोन्ही बाजूंना टाकीचीच हवा असते. पण पाठीमागच्या बाजूला दाब मोठ्या जागेवर पडतो आणि तिथे स्प्रिंगही असते, म्हणून पडदा घट्ट बसतो. टायमरने विजेचा इशारा दिला की सोलेनॉइड उघडतो आणि पाठीमागची हवा एका बारीक भोकातून निसटते. पाठीचा जोर गेल्याबरोबर पडदा उचलला जातो आणि टाकीतली हवा धाडकन नळीत घुसते. इशारा संपला की पडदा पुन्हा बसतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वेळात होतो.

ही हवा पिशवीच्या तोंडात शिरताना आजूबाजूची हवाही ओढून नेते. पिशवी एरवी ओढीमुळे पिंजऱ्याला चिकटून, आत दबलेली असते. ठोका बसताच ती एकदम बाहेर फुगते आणि ताणाच्या टोकाला जाऊन गपकन थांबते. कापड थांबते, पण त्यावरचा पापुद्रा थांबत नाही. तो सुटतो आणि खाली हॉपरमध्ये पडतो.

ओले धोतर वाळत घालण्याआधी आपण झटका देतो. धोतर हातात थांबते आणि पाणी पुढे उडते. इथेही तसाच झटका आहे. पुष्कळांना वाटते की हवा कापडातून जोराने बाहेर फुंकली जाते आणि धूळ उडवून लावते. थोडे तसे होते, पण मुख्य काम झटक्याचे आहे. म्हणून ठोका तोकडा आणि तीक्ष्ण हवा, लांबट नको. अर्धा सेकंद हवा सोडत बसलात तर पहिल्या झटक्यानंतरची सगळी हवा फुकट जाते.

जास्त झटकण्याने काय होते

आता पत्रातल्या मिलचा हिशेब करू. ३६ पिशव्या, म्हणजे सहा-सहाच्या सहा ओळी. समजा दर १० सेकंदांनी एका ओळीला ठोका दिला. सहा ओळींचा फेरा एका मिनिटात पुरा होतो. म्हणजे प्रत्येक पिशवीला तासाला ६० ठोके आणि आठ तासांच्या पाळीत ४८० ठोके. वर्षाला ३०० दिवस मिल चालली तर १,४४,००० ठोके झाले.

तेच अंतर ३० सेकंद केले, तर वर्षाचे ठोके ४८,००० होतात. पिशवीला मार एक तृतीयांश, हवेचा खर्च एक तृतीयांश.

प्रत्येक ठोक्यानंतर पिशवी परत पिंजऱ्याच्या तारांवर आपटते. त्या तारांवर कापड घासून विरते. पिशवी काढून पाहिलीत तर तारांच्या रेषांवर कापड पातळ झालेले दिसेल. दुसरे असे, की ठोक्यानंतरच्या पहिल्या क्षणी थर सैल झालेला असतो आणि पिशवी आपटते तेव्हा थोडी बारीक धूळ कापडातून पार होते. चिमणीतून येणाऱ्या धुळीचा मोठा वाटा याच क्षणांचा असतो. ठोके तिप्पट तर असे क्षणही तिप्पट.

दाब ६ किलोवरून ८ किलोवर नेला की आपटणे आणखी जोराचे होते. कापडाच्या पोटात बसलेला आधाराचा थरही उडतो. पिशवी दिसायला छान कोरी दिसते, आणि धूळ मात्र बाहेर अंगणात, निवडणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाते.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी धूळ वाढली म्हणून ठोके वाढवले, आणि ठोके वाढले म्हणून धूळ वाढली. हे चक्र आधी तोडले पाहिजे.

मग ठोका कधी द्यावा?

याचे उत्तर घड्याळ देत नाही, दाबाचा फरक देतो. भोकांच्या पत्र्याखाली धुळीची बाजू आहे आणि वर स्वच्छ बाजू आहे. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजला की थर किती जाड झाला ते कळते.

यासाठी गाळणीवर काटा बसवलेला असतो. तो बिघडला असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधा. तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि दिसायला सोपे जावे म्हणून शाईचा थेंब टाका. एक टोक धुळीच्या बाजूला जोडा, दुसरे स्वच्छ बाजूला. दोन्ही अंगांच्या पाण्याच्या उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये मोजा. झाला तुमचा काटा.

साधारण असे समजावे:

फरक ८० ते १२० मिलिमीटर असेल तर गाळणी ठीक चालली आहे.

१२० च्या वर चढू लागला तर ठोके सुरू करा. ८० वर आला की थांबवा. टायमरमध्ये ही सोय असेल तर ती वापरा. नसेल तर फरक या दोन आकड्यांमध्ये राहील इतके ठोक्यांमधले अंतर वाढवा.

१५० च्या वर राहिला आणि ठोक्यांनी उतरतच नाही, तर पिशव्या चोंदल्या आहेत, नाहीतर ठोकाच नीट बसत नाही.

एकाएकी ४० च्या खाली गेला आणि पंखा तर चालू आहे, तर पिशवी फाटली आहे किंवा जागेवरून निसटली आहे. फरक कमी झाला म्हणून खूश होऊ नका.

यंत्र देणाऱ्याने वेगळे आकडे दिले असतील तर ते प्रमाण माना. रोज सकाळी आणि संध्याकाळी आकडा वहीत लिहून ठेवा. दुधाची फॅट रोज लिहितो, तसाच हाही हिशेब आहे.

आणखी एक पडताळा घ्या. गाळणीचे कापड पंख्याच्या मानाने पुरेसे आहे ना? १५ सेंटिमीटर व्यासाची आणि ३ मीटर लांबीची पिशवी असेल, तर तिचे कापड सुमारे १.४ चौरस मीटर भरते. ३६ पिशव्यांचे झाले ५० चौरस मीटर. पंखा मिनिटाला ६० घनमीटर हवा ओढत असेल, तर दर चौरस मीटर कापडावर १.२ घनमीटर हवा येते. बारीक धुळीला हे ठीक आहे. पण मिल वाढवली, एक रोलर जास्त बसवला, पंखा मोठा केला आणि पिशव्या मात्र तेवढ्याच ठेवल्या, तर हा आकडा २ च्या वर जातो. मग कितीही ठोके द्या, बैल एक आणि गाड्या दोन अशी गत होते.

ओळींचा क्रम

पहिली ओळ झटकली आणि लगेच शेजारची दुसरी झटकली, तर पहिलीची पडती धूळ दुसरी ओढून घेते आणि दुसरीची पहिली. धूळ खाली जातच नाही, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फिरत राहते. म्हणून ओळी लागोपाठ न घेता १, ४, २, ५, ३, ६ अशा उड्या मारत घ्याव्यात. टायमरच्या तारा बदलून वीजतंत्री हे काम थोड्या वेळात करून देईल.

मिल बंद करताना एक सवय लावून घ्या. धान्य थांबले की आधी पंखा बंद करा आणि त्यानंतर १० ते १५ मिनिटे ठोके चालू ठेवा. ओढ नसते, त्यामुळे धूळ सहज सुटून खाली पडते. रात्रभर ती कापडावर राहिली आणि दमट हवा लागली, तर सकाळी तिची पोळी झालेली असते.

पावसाळ्यातला शत्रू : पाणी

पिशवीचे जेवढे नुकसान ठोक्याने होत नाही तेवढे पाण्याने होते. डाळीचे पीठ आणि पाणी एकत्र आले की काय होते ते घरातल्या बायकांना विचारा. पिठले होते. एकदा कापडात ते बसले आणि वाळले की कुठलाही ठोका ते काढू शकत नाही.

हे पाणी येते कुठून? आपल्याच कॉम्प्रेसरमधून. पावसाळी हवेत घनमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ती हवा दाबून आठव्या हिश्श्याच्या जागेत कोंबली आणि थंड झाली, की त्यातली सुमारे २० ग्रॅम वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाला बसते. कॉम्प्रेसर तासाला ३० घनमीटर हवा घेत असेल, तर आठ तासांत जवळजवळ पावणेपाच लिटर पाणी झाले. म्हणजे लहान कळशीभर पाणी. ते काढले नाही तर ठोक्याबरोबर थेट पिशवीत फवारले जाते.

म्हणून:

कॉम्प्रेसरच्या टाकीचा आणि गाळणीवरच्या टाकीचा तळाचा कॉक रोज सकाळी उघडा. पाणी संपून कोरी हवा येईपर्यंत उघडा ठेवा. पावसाळ्यात दुपारी पुन्हा एकदा उघडा.

पाण्यात तेलाचा तवंग दिसला तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत. तेल कापडाला पाण्याहून वाईट. दुरुस्ती लांबवू नका.

जमत असेल तर हवा कोरडी करण्याचे यंत्र बसवा. एका वर्षाच्या पिशव्यांचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून त्याच्या किमतीचा विचार करा.

पेटीच्या झाकणांचे रबर तपासा. छपरावरचे पाणी वरून झिरपत असेल तर खाली कितीही कोरडी हवा सोडली तरी उपयोग नाही.

कान लावून ऐका

रेडिओ ऐकणाऱ्यांना कानाची किंमत सांगायला नको. दहा मिनिटे गाळणीजवळ उभे राहा आणि प्रत्येक ओळीचा ठोका मोजा.

"ठप्!" असा कोरडा, तुटक आवाज आला तर ठोका चांगला आहे.

"फुस्स" असा लांब, मऊ आवाज आला तर डायफ्रॅम फाटला आहे किंवा हवेचा दाब उतरला आहे.

सतत "सूं" असा आवाज येत राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही, हवा वाहून जाते आहे. कॉम्प्रेसर थांबत नाही तेही यामुळेच.

काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडचे वेटोळे जळाले आहे किंवा तार तुटली आहे. त्या ओळीच्या सहाही पिशव्या साफ होत नाहीत आणि सगळा भार बाकीच्या ओळींवर पडतो.

फाटकी पिशवी शोधायची असेल तर मिल बंद करून वरचे झाकण उघडा. वरची बाजू स्वच्छ असायला हवी. ज्या पिशवीच्या तोंडाभोवती धुळीचे कडे किंवा ढीग दिसेल, ती गुन्हेगार. एक फाटकी पिशवी आहे म्हणून सगळ्या बदलू नका. आणि नवी पिशवी बसवली की पहिला दिवस पंख्याची झडप अर्धवट उघडी ठेवून, ठोके बंद ठेवून, थर हळूहळू बसू द्या. कोऱ्या कापडावर पूर्ण ओढ दिली तर बारीक धूळ त्याच्या पोटात खोल घुसते आणि ती पुढे कधी निघत नाही.

हॉपरमध्ये धूळ साठवू नका. ती पिशव्यांच्या टोकांपर्यंत चढली तर पिशव्या घासून फाटतात. खालचा व्हॉल्व्ह गळका असेल तर बाहेरची हवा आत येते आणि खाली पडलेली धूळ पुन्हा वर उडवते.

जिवाशी गाठ : धुळीचा भडका

आता शेवटची गोष्ट, पण सर्वांत महत्त्वाची. सोंगे निघतात तेव्हा मशालीवर राळ उडवतात, ते तुम्ही पाहिले असेल. राळेचा खडा जळायला वेळ लागतो. तीच राळ भुकटी करून हवेत उडवली की क्षणात भडका होतो. डाळीचे पीठ, हळद, साखर, कणीक यांची धूळही अशीच आहे. ढीग असेल तर धुमसते. हवेत उडालेली, बंद जागेत कोंडलेली असेल आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो.

ही भीती घालायची म्हणून सांगत नाही. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात २ मे १८७८ रोजी वॉशबर्न पिठाची गिरणी धुळीच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि १८ माणसे गेली. ही जुनी गोष्ट म्हणाल, तर ७ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखरेच्या कारखान्यात तसाच स्फोट होऊन १४ कामगार मेले. तिथे आजूबाजूला साचलेली साखरेची धूळच पेटली होती.

गाळणीच्या पेटीत दर ठोक्याला धुळीचा ढग उठतो, हे विसरू नका. ढग आपण थांबवू शकत नाही. ठिणगी मात्र थांबवू शकतो.

धान्य आत घेण्याच्या तोंडाशी लोहचुंबक लावा. खिळा, नट, तारेचा तुकडा रोलरमध्ये गेला की ठिणगी उडते.

पेटी, पिंजरे, पाइप, पंखा यांना पक्के अर्थिंग द्या. हवेच्या घासण्याने पिशवीवर वीज साचते. पिशव्या मागवताना वीज साचू न देणारे कापड मागा. पेटीला स्फोटाचा दाब मोकळ्या जागेकडे सोडणारे झाकण असावे, आणि त्या झाकणासमोर कुणाला बसू-उठू देऊ नका.

मिल चालू असताना गाळणी, पाइप किंवा एलेव्हेटर यांच्याजवळ वेल्डिंग नको आणि विडी नको. थांबवून, साफ करूनच वेल्डिंग करा.

तुळयांवर, पत्र्यांवर धूळ साचू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवूही नका, त्याने ढगच तयार होतो. मऊ झाडूने हळू काढा.

जळका वास आला तर पंखा आणि ठोके दोन्ही ताबडतोब बंद करा, माणसे दूर न्या आणि अग्निशमन दलाला कळवा. काय झाले ते बघायला झाकण उघडू नका. आत हवा गेली की धुमसणारी धूळ पेट घेते.

दुरुस्तीसाठी पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवा. टाकीतली हवा पूर्ण सोडून द्या. हॉपरमध्ये एकट्याने उतरू नका. आणि हो, तोंडाला नुसता गमछा गुंडाळून बारीक धूळ अडत नाही. धुळीसाठीचा मास्क आणा, तो माणसाच्या छातीपेक्षा स्वस्त असतो.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना

उद्याच हे करा. दाब ६ किलोवर उतरवा. ठोक्यांमधले अंतर १० सेकंदांवरून ३० सेकंद करा. दोन्ही टाक्यांचे पाणी काढा. आठवडाभर दाबाचा फरक लिहा. फरक १२० च्या वर जात नसेल तर अंतर आणखी वाढवून पाहा, जात असेल तर थोडे कमी करा. फाटक्या पिशव्या शोधून तेवढ्याच बदला. चिमणीच्या तोंडाखाली पांढरा पत्रा ठेवून रोज संध्याकाळी त्यावर बोट फिरवा. धूळ कमी होत गेलेली तुम्हाला स्वतःलाच दिसेल. पिशवी नीट जपली तर दोन-तीन वर्षे टिकू शकते.

आणि एक विनंती. हे काम पुरे होईपर्यंत डाळ निवडणाऱ्या बायकांची जागा चिमणीच्या वाऱ्याखालून हलवा. ज्यांचा खोकला जात नाही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका. मिल आपली आहे, तशा त्याही आपल्याच आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. गाळते ते धुळीच्या थरामुळे. थर राखा, पापुद्रा पाडा.
२. ठोका तोकडा व तीक्ष्ण असावा. दाब ५ ते ६ किलो.
३. घड्याळ पाहून नव्हे, दाबाचा फरक पाहून ठोके द्या.
४. रोज सकाळी टाक्यांचे पाणी काढा.
५. आधी पंखा बंद, मग १० ते १५ मिनिटे ठोके.
६. ठिणगीला आत वाट देऊ नका.

हे पत्रक मिलमध्ये टायमरच्या शेजारी चिकटवून ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी नव्या माणसाला वाचता येईल. तुमचा अनुभव पत्राने जरूर कळवा. दाबाच्या फरकाचे आठवड्याचे आकडे सोबत पाठवलेत तर सल्ला देणे सोपे जाईल.